एसी हायवेला गारेगार, दाभोळकर कॉर्नरला गरम. गॅस दोनदा भरून झालाय, आता काय करू?

नववी_गल्ली | रविवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. वैतागून धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, साडेआठ वर्षांची, ७१ हजार किलोमीटर. रोज राजारामपुरी ते कागल एमआयडीसी आणि परत. उजळाईवाडीला हायवे पकडला की दहा मिनिटांत असा गार होतो की ब्लोअर एकवर आणावा लागतो. संध्याकाळी गावात शिरलो आणि दोन सिग्नलला थांबलो की जाळीतून कोमट वारा. परवा दाभोळकर कॉर्नरला आई म्हणाली, "बंद कर ते, त्यापेक्षा काच उघडलेली बरी." मोकळा रस्ता मिळाला की पुन्हा गार.

मार्चमध्ये एका ठिकाणी गॅस भरला, १,५०० रुपये. तीन-चार दिवस बरं वाटलं (किंवा पैसे दिल्यामुळं तसं वाटलं असेल). मग दुसऱ्याकडं गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, पाईपला हात लावला, "गॅस कमी हाय" म्हणाला आणि आहे त्यावरच आणखी मारला. ८०० रुपये. त्यानंतर सिग्नलला आधीपेक्षा जास्तच गरम. आता तिसरा म्हणतोय कॉम्प्रेसर गेला, २२ हजार.

इंजिन तापत नाही, काटा कायम मध्ये. पुढचा फॅन फिरतो, स्वतः बघितलंय. २२ हजार घालण्याआधी आणखी काय तपासू?


कटवडा_ज्यादा_कट | रविवार, रात्री १०.३४

भावा, रंकाळ्यावरनं गाडी फिरव, काचा खाली. फुकटचा एसी. विषय संपला.


सदाशिवपेठी_उन्हाळा | रविवार, रात्री १०.४१

दोनदा गॅस भरलात म्हणजे गळती असणार. गळती न शोधता गॅस भरणे हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे. पुण्यात या, चांगली माणसं दाखवतो.


कटवडा_ज्यादा_कट | रविवार, रात्री १०.४४

गॅस भरायला २३० किलोमीटर? पेट्रोल कोण भरणार, तुम्ही?


उद्यमनगर_जुना_फिटर | सोमवार, सकाळी ६.५०

नववी गल्ली, आधी तिसऱ्या मिस्त्रीला "विचार करून सांगतो" म्हण आन् गाडी घरात लाव.

तू स्वतःच निदान लिहिलंयस, फक्त वाचलं न्हाईस. हायवेला गार, थांबल्यावर गरम. गॅस गळून बराच कमी झाला असता तर हायवेलाही बोंब असती. कमी गॅसची खूण वेगळी. कॉम्प्रेसरचा क्लच (गिअरचा न्हवं) टक करून धरतोय, टक करून सोडतोय, दहा-पंधरा सेकंदांत हाच खेळ. तुझ्या गाडीत तसं होतंय काय?

दुसरं. हायवेला असं काय मिळतंय जे सिग्नलला मिळत न्हाई? वारं. एसीची पुढची जाळी म्हंजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढं असतंय. गाडीतली गरमी तिथनं भाईर पडायची. सत्तर-ऐंशीच्या स्पीडला वारं आपोआप घुसतंय. थांबला की सगळी भिस्त फॅनवर.

"फॅन फिरतो" हे मी चाळीस वर्सं ऐकालोय. फिरतो म्हंजे किती फिरतो ते बघ. आधी पुढची जाळी बॅटरी मारून बघ आन् केबिन फिल्टर काढ. मग बोलू.


नववी_गल्ली | सोमवार, रात्री ९.१५

काका, क्लच तसा टकटक करत नाही. बराच वेळ धरून असतो, कधीतरी सुटतो.

केबिन फिल्टर काढला. मंडळी, तो गुलाबी आहे. म्हणजे अक्षरशः गुलाबी. चैत्र यात्रेला जोतिबाला गेलो होतो, पार्किंगपासून वरपर्यंत गुलालाचा धूर होता आणि एसी बाहेरची हवा घेत होता. फिल्टर झटकला तर बाल्कनी रंगली. बायको म्हणाली, "चांगभलं."

नवीन फिल्टर ३५० रुपयांत बसवला. वारा आता दणदणीत येतोय. पण आज संध्याकाळी सिग्नलला तोच प्रकार. फक्त आता कोमट वारा जोरात येतो.


सायबर_चौक | सोमवार, रात्री ९.४०

"कोमट वारा जोरात येतो" हे वाक्य महत्त्वाचं आहे. वारा कमी येणं आणि वारा गार नसणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. लोक दोन्हीला "एसी मारत नाही" म्हणतात आणि दोन्हीला गॅस भरला जातो.

फिल्टर, ब्लोअर, आतल्या कूलिंग कॉइलवरची घाण यांनी वारा कमी होतो. गारवा कमी होण्याची कारणं बहुतेक बॉनेटखाली सापडतात. (एक अपवाद: हीटरचं झापड नीट बंद होत नसेल तर गार हवेत गरम हवा मिसळते. पण मग हायवेलाही गार मिळणार नाही. म्हणून तुमच्याकडे ते नाही.)

आता हाताने अंदाज घेणं बंद करा आणि थर्मामीटर लावा. मधल्या जाळीत खुपसायचा, ब्लोअर मध्यम, आतली हवा फिरवायचं बटण चालू, काचा बंद. हायवेचा आकडा आणि दहा मिनिटं उभ्या गाडीचा आकडा, दोन्ही लिहा. बाहेरचं तापमानही लिहा, त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.


गगनबावडा_वळणावर | सोमवार, रात्री १०.०५

याच धाग्यात विचारतो, रागावू नका. मी रोज कोल्हापुरातून गगनबावड्याकडं शाळेला जातो. गेल्या जुलैत पावसात काच धुक्यानं भरायची म्हणून एसी लावूनच चालवायचो. कळे सोडून पुढं गेलो की वारा हळूहळू कमी व्हायचा, ब्लोअरचा आवाज मात्र तेवढाच. शाळेत पोचेपर्यंत जाळीतून फुंकर मारल्यासारखा. दुपारी निघताना परत झकास. हे काय असेल?


सदाशिवपेठी_उन्हाळा | सोमवार, रात्री १०.११

सर, तुमचा फिल्टर बदला.


गगनबावडा_वळणावर | सोमवार, रात्री १०.१३

सर नाही, मॅडम. कोल्हापुरात आम्ही जातो, येतो, जेवतो. सवय करून घ्या.


सदाशिवपेठी_उन्हाळा | सोमवार, रात्री १०.१४

क्षमस्व!


उद्यमनगर_जुना_फिटर | मंगळवार, सकाळी ६.४५

मॅडम, तुमची कॉइल गोठालीय. बर्फ. डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असती तिच्यावर दमट हवेतलं पाणी बसतंय. कॉइल शून्याच्या खाली गेली की त्याच पाण्याचा बर्फ होतोय आन् पंखांच्या फटी बुजतात. ब्लोअर ओरडतोय, पर वारं जायला वाटच न्हाई. दुपारपर्यंत गाडी उभी राहिली की बर्फ वितळला, परत झकास.

घरच्या फ्रीजला बर्फ धरल्यावर दार उघडं टाकून ठेवतो, त्यातलाच प्रकार.

दोन कारणं. एक, फिल्टर बुजलाय म्हणून कॉइलवरनं हवा कमी जातीय. पुणेकर बरोबर बोलले, मान्य करायला हरकत न्हाई. दोन, कॉइलवर एक बारका सेन्सर असतोय. गारवा शून्याजवळ आला की त्यानं कॉम्प्रेसर सोडायला सांगायचं. तो बिघडला की कॉम्प्रेसर सुटतच न्हाई. आधी फिल्टर बघा, तो स्वस्त हाय. तोपर्यंत पावसात ब्लोअर एकवर आन् गारवा फुल्ल असं चालवू नका. ब्लोअर दोन-तीनवर ठेवा. मधी पाच मिनिटं एसी बंद, ब्लोअर चालू.

आन् डाव्या बाजूला पायाखालची मॅट ओली होतीय काय बघा. होत असंल तर पाणी भाईर टाकणारी नळी तुंबलीय.


शाहूपुरी_पूरग्रस्त | मंगळवार, सकाळी ९.३०

त्या नळीवरनं आठवलं. २०१९ च्या पुरात आमची गाडी सीटपर्यंत पाण्यात होती, चार दिवस. पंचगंगेचा गाळ कुठं कुठं जातो ते तेव्हा कळलं. इंजिन उघडून धुतलं, सीट वाळवल्या, एसीही सुरू झाला. आम्ही खूश. पण लावला की नदीकाठचा वास, आणि वारा निम्मा. शेवटी डॅशबोर्ड काढला तेव्हा कॉइलचे पंख मातीनं लिंपलेले, वर भिंतीला गिलावा करतात तसे. पुढचा कंडेन्सरही वर्षभरात कुजून गळायला लागला.

पुरातली जुनी गाडी घेणार असाल तर एसी लावून पाच मिनिटं नाक वापरा. विषयांतर झालं, चालू द्या.


नववी_गल्ली | बुधवार, रात्री ९.५०

थर्मामीटर मिळाला. चुलतभाऊ दूध संकलन केंद्रावर आहे, त्याच्याकडचा दुधाचा. सकाळी परत द्यायचा आहे, नाहीतर गोठ्यात माझी पूजा.

आकडे:
बाहेर ३७ अंश (दुपारी सुट्टी टाकून केलंय हे).
हायवेला ८० च्या वेगात: १० अंश.
परत येऊन गल्लीत उभी, इंजिन चालू: पाच मिनिटांत १५, दहा मिनिटांत १९. तिथंच थांबला.

सकाळी गाडी गार असताना एका मित्राच्या गॅरेजात गॅसचा दाब मोजणारा गेज लावून बघितला. इंजिन बंद असताना दोन्ही काटे ९५ पौंडांच्या (पीएसआय) आसपास. मित्र म्हणाला गॅस बरोबर आहे. मग गॅसचा प्रश्न मिटला ना?


सायबर_चौक | बुधवार, रात्री १०.२०

नाही, मिटला नाही. हा गैरसमज सगळीकडे आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

स्वयंपाकघरातला सिलिंडर आठवा. भरलेला असो की आठवड्याभराचाच उरलेला, शेगडी सारखीच पेटते. आत द्रव आहे तोवर दाब तापमानावर ठरतो, किती द्रव आहे यावर नाही. म्हणून आपण सिलिंडर उचलून बघतो. तुमच्या गाडीतल्या एसीच्या गॅसचं, आर-१३४ए चं, तेच. ३० अंशाला इंजिन बंद असताना काटा साधारण ९५ ते ९७ पौंडांवर बसणारच, आत ३०० ग्रॅम असो नाहीतर ६००. काटा त्याहून बराच खाली असता तर मात्र गॅस जवळपास संपलाय असं म्हणता आलं असतं.

गॅस किती हे फक्त वजन सांगतं. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा पुढच्या पट्टीवर एक स्टिकर असेल, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. ते शोधा.

चालू इंजिनावर दोन काट्यांतून कळतं ते निराळं. निळा काटा, म्हणजे कमी दाबाची बाजू, आतल्या कॉइलमध्ये गॅस किती अंशाला उकळतोय ते सांगतो. २८ पौंड म्हणजे शून्य अंश, ४० म्हणजे सुमारे ७, ६० म्हणजे १७ च्या घरात. लाल काटा, म्हणजे जास्त दाबाची बाजू, कंडेन्सरमध्ये गॅस किती अंशाला निवून द्रव होतोय ते सांगतो. २०० पौंड म्हणजे ५५ अंश, २३० म्हणजे ६०.

ज्या गाड्यांत नवा गॅस, आर-१२३४वायएफ, आहे तिथे हे आकडे वेगळे. तुमची गाडी जुनी आहे, स्टिकरवर आर-१३४ए च असेल.


कटवडा_ज्यादा_कट | बुधवार, रात्री १०.२८

सर, बारावीला तुम्ही का न्हवता ओ आम्हाला?


उद्यमनगर_जुना_फिटर | गुरुवार, सकाळी ६.४०

सरांनी झकास सांगितलं. आता हाताचं काम, पैसा लागत न्हाई.

गाडी सुरू कर, एसी फुल्ल, दहा मिनिटं उभी ठेव, जाळीतला वारा कोमट होऊ दे. मग दोन गोष्टी.

एक. वहीचा कागद घे, गाडीच्या पुढं उभा रहा आन् तोंडाकडच्या जाळीला लाव, एकदा डाव्या बाजूला, एकदा उजव्या. फॅन मागनं हवा ओढतोय, कागद चिकटाय पायजे. आन् वाकून दोन्ही फॅन बघ. तुझ्या गाडीला दोन फॅन असणार. एक रेडिएटरचा, एक कंडेन्सरचा. एसी लावला की दोन्ही पळाय पायजेत. पाती मोजता आली तर तो फॅन मेला म्हणून समज.

दोन. साधं पाणी, झारीनं किंवा स्प्रेनं, पुढनं जाळीवर हळूहळू मार. दोन-तीन मिनिटं. थर्मामीटर बघत रहा. पाणी मारल्या मारल्या गार व्हायला लागला तर कॉम्प्रेसर बरा हाय, गरमी भाईर जात न्हाई एवढंच. कॉम्प्रेसर गेला असंल तर पाण्यानं फारसा फरक पडत न्हाई.

हात, शर्टाची भाई, ओढणी फॅनपासून लांब. काही गाड्यांत फॅन इंजिन बंद झाल्यावरही अचानक फिरतोय. आन् प्रेशरची गन जाळीला लावू नको, ॲल्युमिनियमचे पंख कागदासारखे असतात, झोपतात.


नववी_गल्ली | गुरुवार, रात्री १०.०५

काका, साष्टांग.

महावितरणचं बिल वापरलं कागद म्हणून. डाव्या बाजूला टपकन चिकटलं. उजव्या बाजूला लावलं आणि सोडलं तर सरळ खाली पडलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा.

वाकून बघितलं. डावा फॅन असा फिरतोय की पाती दिसतच नाहीत. उजव्याची पाती मोजली, पाच आहेत. मी आजवर "फॅन फिरतो" म्हणत होतो तो डावा.

मग पाणी. बाहेर ३५ अंश होतं. सुरुवातीला जाळीत १८.५. कुंडीच्या झारीनं पाणी मारायला लागलो. एका मिनिटात १६, तीन मिनिटांत १३. शेजारचे काका गॅलरीतून विचारालेत, "गाडीला तुळस लावलीय काय?"

म्हणजे २२ हजार वाचले?


सदाशिवपेठी_उन्हाळा | गुरुवार, रात्री १०.१९

वा. पण मग दुसऱ्यांदा गॅस भरल्यावर जास्त गरम का झालं? तो धागा सुटला नाही अजून.


उद्यमनगर_जुना_फिटर | शुक्रवार, सकाळी ६.५५

पुणेकर, प्रश्न शंभर नंबरी.

स्टिकर न बघता, वजन न करता वरनं मारलेला गॅस हाय तो. कंडेन्सरमधी गॅस निवून पाणी व्हायला जागा लागती. आधीच द्रवानं खालच्या नळ्या भरल्या तर जागा उरती निम्मी. त्यात एक फॅन मेलेला. दाब चढणारच. वर गेला की सेन्सर कॉम्प्रेसर सोडवतोय, ते "कधीतरी सुटतो" म्हणून लिहिलं न्हवतंस का, ते हेच.

तिसऱ्या मिस्त्रीनं काय बघितलं असंल तेही सांगतो. निळा काटा वर दिसला, की काही जण डोळं झाकून म्हणतात कॉम्प्रेसर दमला. पर दमलेल्या कॉम्प्रेसरचा लाल काटा खाली असतोय. दोन्ही काटं वर म्हंजे गॅस जादा, न्हाईतर कंडेन्सर घुसमटलाय, न्हाईतर आत हवा शिरलीय. लाल काटा न बघता २२ हजार सांगणं म्हंजे नाडी न बघता ऑपरेशन.

उद्या गाडी घिऊन उद्यमनगरात ये. ज्याच्याकडं गॅस ओढून वजन करणारं मशीन हाय अशा माणसाकडं जाऊ, मी असतो संगट. नळी सैल करून गॅस हवेत सोडणाऱ्याकडं जायचं न्हाई.


सायबर_चौक | शुक्रवार, सकाळी ८.१०

शेवटच्या वाक्याला दुजोरा. आर-१३४ए ओझोनला भोक पाडत नाही, म्हणूनच तर जुन्या आर-१२ च्या जागी तो आला. पण तापमानवाढीच्या हिशेबात त्याचा एक किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० किलोंच्या बरोबरीचा. २०१६ च्या किगाली करारात आर-१३४ए सारखे गॅस टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलंय. आणि गल्लीत फुस्स करून सोडून देणारे आपण.

स्वस्तात "कुठलाही चालतो" म्हणून भरून देणाऱ्यांपासूनही लांब राहा. काही मिश्रणांत ज्वलनशील वायू असतात, आणि कॉइल तुमच्या गुडघ्यांच्या पुढेच असते.


कागलकर_डिझेल | शुक्रवार, दुपारी १.३०

जाळीचं पण बघून घ्या. माझ्या गाडीत कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत काय काय निघालं सांगतो: उसाचं पाचट, तुऱ्याची लव, कारखान्याच्या धुराड्याची काजळी आणि एक आख्खा चतुर. गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं अर्धा तास चालवलं की हेच होणार. पुढून बघितलं तर जाळी चकाचक, मधली फट मात्र गोधडी. बंपर सोडवून मागनं पुढं, नळाच्या साध्या पाण्यानं धुतलं. उभ्या गाडीत तीन-चार अंशांचा फरक पडला.


नववी_गल्ली | शनिवार, रात्री ८.४५

लांबलचक लिहितोय, पण पूर्ण हिशेब द्यायलाच हवा.

सकाळी दहाला उद्यमनगर. काका आधीच येऊन बसले होते, हातात चहा. स्टिकर सापडला, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, ग्रीस आणि धुळीखाली: आर-१३४ए, ४३० ग्रॅम.

आहे तसाच गेज लावला. बाहेर ३६, गाडी उभी. लाल काटा ३४५, निळा ६२. काका माझ्याकडं बघून म्हणाले, "ज्यो कॉम्प्रेसर ३४५ पर्यंत दाब चढवतोय त्यो मेलाय?" सायबर_चौक सर, तुमच्या हिशेबानं निळा ६२ म्हणजे कॉइलमध्येच १७ अंश. मग जाळीतून १९ च येणार, बरोबर ना? तिथं उभ्या उभ्या ते एकदम डोक्यात बसलं.

मशीननं गॅस ओढला. वजन ५९० ग्रॅम. मापाच्या वर १६० ग्रॅम! पैसे देऊन एसी बिघडवून घेतला होता मी.

बंपर काढला. कागलकर, तुमचा चतुर माझ्याकडं नाही, पण पाचट आणि गुलाल मिळून गुलाबी वाकळ निघाली. धुतली. उजवा फॅन काढला, हातानं फिरवला तर घरघर, आणि कार्बन (मोटरला आत वीज पोचवणारे तुकडे) झिजून नखाएवढे. नवीन मोटर २,३०० रुपये. गळतीसाठी नायट्रोजन भरून वीस मिनिटं ठेवलं, काटा हलला नाही, म्हणजे गळती मुळातच नव्हती. मार्चमधला पहिला गॅससुद्धा बहुतेक उगाचच. मग अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा आणि ओल पंपानं ओढून काढली. काका म्हणाले, घाई करणारे हेच दहा मिनिटांत उरकतात आणि आत ओल राहते. मग मोजून ४३० ग्रॅम.

पुन्हा गेज. तेवढंच ऊन, गाडी उभी: लाल २३०, निळा ३९. जाळीत दहा मिनिटांनी १०.५. दुधाचा थर्मामीटर आहे, खोटं बोलणार नाही.

एकूण खर्च फॅन, धुलाई, गॅस धरून ४,६०० रुपये. संध्याकाळी मुद्दाम आईला घेऊन दाभोळकर कॉर्नरला गेलो. सिग्नल लागावा म्हणून आयुष्यात पहिल्यांदा वाट बघितली. लागला. आई म्हणाली, "जरा कमी कर, कान दुखतोय."


कटवडा_ज्यादा_कट | शनिवार, रात्री ८.५२

जाळ अन् धूर संगटच! काका, नादच खुळा तुमचा.


गगनबावडा_वळणावर | शनिवार, रात्री ९.२०

अभिनंदन! माझंही सांगतो. फिल्टर काढला तर तो फिल्टर नव्हताच, आधीच्या मालकानं घातलेला फोमचा तुकडा होता, ओला आणि काळा. आणि मॅट खरंच ओली होती. पाणी जायची नळी खालून बघितली तर गांधीलमाशीनं मातीचं घर केलेलं. सायकलच्या स्पोकनं हळूच मोकळी केली, अर्धा लिटर पाणी पडलं. सेन्सर बघायचा राहिलाय, तो पाऊस लागायच्या आत बघतो. काका, तुम्ही सोमवारी उद्यमनगरात असता काय?


उद्यमनगर_जुना_फिटर | रविवार, सकाळी ६.३५

मॅडम, असतो. दहाच्या पुढं या, त्याआधी वैरण आणायला जातो. स्पोक आत जास्त घातला न्हाईसा न्हवं? कॉइलला टोक लागलं तर निराळंच काम निघंल.

नववी गल्ली, जुनी मोटर फेकलीस काय? फेकू नको. फकस्त कार्बन गेल्यात, आर्मेचर, म्हंजे आतला फिरता भाग, बरं दिसालतं. शंभर-दीडशेत कार्बन बसवून देतो, डिकीत पडून राहू दे. डावा फॅनही तेवढ्याच वयाचा हाय.